खटकेवाले काका

आमच्या सोसायटीत १९६८ सालची एक फियाट डिलाइट आहे आणि गेली सात वर्षं ती 'जवळजवळ पूर्ण' झालेली आहे. बँकेतून निवृत्त झाल्या झाल्या काकांनी ती सासवडकडच्या कुठल्याशा शेतावरून टेम्पोत घालून आणली. तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. पहिल्या दोन वर्षांत इंजिन उतरलं, बोअर झालं, परत चढलं. पत्रा ठोकून झाला, रंगाचे हात झाले, सीटा शिवून आल्या. मग एका पाडव्याला काका म्हणाले, "झालंच आता. एक खटका तेवढा राहिलाय."

खटका म्हणजे पुढच्या दाराला जी तिकोनी काच असते ना, ती आतून बंद करायची बोटाएवढी कडी. काकांची उजवीकडची मोडकी आहे. ती कापसात गुंडाळून तपकिरीच्या डबीत ठेवलेली असते आणि डबी सदऱ्याच्या खिशात. पाहुणे आले की चहाआधी डबी उघडते. "आमची पत्रिका जुळवताना हे पाच मिनिटंसुद्धा बसले नव्हते," एवढंच बोलून काकू आधण ठेवायला जातात.

असा माणूस एकटादुकटा नसतो. कुणी लँब्रेटाच्या मोनोग्रामसाठी झुरतो, कुणी जावाच्या टाकीच्या झाकणासाठी. पण फियाटवाल्यांचं दुःख जरा तर्कशुद्ध आहे आणि ते काकांकडूनच ऐकावं.

"इंजिनाचं काही अडत नाही हो," काका सांगतात. "हीच गाडी पुढे पद्मिनी झाली. तेच १०८९ सीसी. पद्मिनी बनायची २००१ च्या सुमारास थांबली, पण मुंबईत तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत पळत होत्या. टॅक्सीला पिस्टन लागतो, क्लचप्लेट लागते, म्हणून कुणी ना कुणी ती बनवत राहिलं. पण काच बंद होत नाही म्हणून टॅक्सीवाला काय करतो? पुठ्ठ्याची घडी खुपसतो आणि भाडं मारतो. मग खटका बनवेल कोण?" म्हणजे ज्याच्यावाचून गाडी अडते ते मिळतं, ज्याच्यावाचून फक्त काका अडतात ते मिळत नाही.

नवा करून घ्यावा, तर तेही झालं. मूळ खटका जस्ताच्या मिश्रधातूचा, ओतीव. बाजारात त्या धातूला 'मझाक' म्हणतात आणि तो नावाला जागतो. डाग द्यायला ज्योत दाखवावी तर लोण्यासारखा वितळतो. शेवटी एका लेथवाल्याने पितळेचा घडवून दिला, वर क्रोमचं पाणी चढवलं. दिसायला हुबेहूब. काकांनी तो दोन दिवस लावला आणि तिसऱ्या दिवशी काढला. "बसतो छान," ते म्हणाले, "पण वाजतो वेगळा." त्यातून २०२१ च्या नियमांनी त्यांच्या हातात कोलीत दिलं. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, मात्र गाडी मूळ रूपात असावी लागते. कुठला अधिकारी तिकोनी काचेचा खटका वाजवून बघणार आहे? पण काका बघतील, हे काकांना ठाऊक आहे.

तेव्हा शोध चालू. शुक्रवारी पहाटे मुंबईचा चोरबाजार. अधूनमधून कुर्ला, कारण ही गाडी जन्मली कुर्ल्यात आणि मोडीत निघते तीही कुर्ल्यातच. आणि दर बुधवारी, रविवारी न चुकता पुण्याचा जुना बाजार.

एका रविवारी मीही गेलो. वाटेत पाऊस. उजव्या तिकोनी काचेत कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची घडी खोचलेली होती, तरी काकांची बाही भिजत होती. बाजारात शिरताच त्यांनी चेहरा बदलला. "आपल्याला काय हवंय ते विक्रेत्याला कळता कामा नये," ते कुजबुजले. मग एका ताडपत्रीपुढे बसून त्यांनी नळाची तोटी उचलली, भाव विचारला. अडकित्ता उचलला, भाव विचारला. एक फुटका कंदील उलटासुलटा केला. विक्रेता शांतपणे बिडी ओढत होता. शेवटी काका सहज सुरात म्हणाले, "आणि... हे जुनं गाड्यांचं वगैरे काही?"

"फियाटचा खटका ना काका?" तो म्हणाला. "दोन हप्ते झाले, तुमच्यासाठीच बाजूला ठेवलाय."

कागदाची पुडी सुटली. आत खटका. कोरा, क्रोम शाबूत, स्प्रिंग टणक. काकांचा हात थरथरला. त्यांनी चष्मा पुसला, डबी उघडली, मोडका खटका त्याच्याशेजारी धरला आणि हळूच म्हणाले, "डावा आहे."

परतताना उलगडा झाला. एसी नसलेल्या गाडीत चालवणारा वाऱ्यासाठी दिवसातून दहादा आपल्या बाजूची तिकोनी काच उघडतो, मिटतो. सिगारेटची राखही तिथूनच झटकतो. म्हणून देशातले उजवे खटके झिजून, मोडून संपले. डावीकडे बायको नाहीतर आई बसायची. वाऱ्याने केस विस्कटतात म्हणून ती काच कायम बंद. डावे खटके जसेच्या तसे राहिले.

एवढं सगळं कळूनही काकांनी तो घेतला, साडेतीनशेला. "उद्या डावा मोडला तर?" असं ते म्हणाले.

तेव्हा वाचकहो, माळ्यावर, गॅरेजात, आजोबांच्या हत्यारांच्या पेटीत जरा बघा. उजव्या बाजूचा सापडला तर जरूर कळवा. डावा कळवू नका. डावे सात झालेत.