ज्याची त्याची यादी

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पुनर्विकास चालू आहे. म्हणजे इमारत आहे तिथेच आहे, मीटिंगा चालू आहेत. कागदपत्रांसाठी कमिटीने सिंकथिंग घेतलं. २०१३ पासूनचा हा मुक्तस्रोत प्रोग्रॅम. मधे फायली साठवणारा कुणी नाही. पाच घरांतले पाच कॉम्प्युटर एकमेकांशी बोलून फोल्डर सारखा ठेवतात. फुकट म्हटल्यावर ठराव एकमताने पास.

पुढे सेक्रेटरी पार्किंगच्या वादाला कंटाळले. आपल्या कॉम्प्युटरवरच्या 'एसटी-इग्नोर' फायलीत, म्हणजे कशाकडे दुर्लक्ष करायचं त्या यादीत, त्यांनी एक ओळ लिहिली: पार्किंग. आणि जाहीर केलं, "विषय संपला."

कसला संपतोय! ही यादी ज्या यंत्रावर लिहिली तेवढ्यापुरतीच. ती स्वतः सिंक होत नाही. उरलेल्या चौघांकडे पार्किंगचा नकाशा तीनदा बदलला. सेक्रेटरींकडे जुनाच राहिला, कारण यादी काही पुसत नाही, नुसती पाठ फिरवते. सभेत त्यांनी तोच उघडला आणि एका निवृत्त प्राध्यापकांची मोटार थेट पाण्याच्या टाकीवर उभी केली.

सगळ्यांनी मिळून दुर्लक्ष करायचीही सोय आहे. सामाईक यादी वेगळ्या फायलीत ठेवायची आणि आपल्या यादीत 'इन्क्लूड' म्हणून तिचं नाव घालायचं. ती एक ओळ मात्र ज्याची त्याने लिहायची. ठराव एकमताचा असला तरी संमतीपत्रावर सह्या घरोघर हिंडूनच घ्याव्या लागतात, तसं.

क्रमालाही मान आहे. वरून वाचताना जी ओळ आधी लागू पडेल तिचंच चालतं. वर 'सगळ्या पीडीएफ नकोत' आणि खाली उद्गारचिन्ह लावून 'इतिवृत्त हवं' लिहिलंत, तर इतिवृत्त विसरा. अपवाद आधी, नियम मागून. प्रोग्रॅमर लोकांच्या 'गिट'मध्ये नेमकं उलटं, तिथे खालची ओळ जिंकते. पण विसर्जन मिरवणुकीत कसबा गणपती पुढे असतो, हे पाहिलेल्याला सिंकथिंगचंच पटेल.

खरी गंमत पुढेच. पार्किंग ज्यात होतं तो 'जुना आराखडा' फोल्डर चौघांनी अख्खा उडवला. सेक्रेटरींच्या यंत्रावर बाकी सगळं गेलं, फोल्डर हलेना. आत दुर्लक्षित नकाशा ठाण मांडून! पेठेतल्या वाड्यात दीड खोलीचा एक भाडेकरू बसून राहतो आणि सगळा वाडा अडतो, त्यातलाच प्रकार. तिथे १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे, तारखा आहेत, वकिलांची दुसरी पिढी आहे. इथे ओळीच्या आधी कंसात प्रश्नचिन्ह आणि 'डी' लिहिलं की पुरे: आड आला तर खुशाल काढ.

मी सेक्रेटरींना ते अक्षर दाखवलं. चष्मा पुसत म्हणाले, "असू दे हो. कधी लागला तर?"

पुनर्विकास कुठे अडलाय, ते त्या दिवशी कळलं.