पट्टी प्लसची, धूर माझा

भोसरीच्या सर्किट बोर्ड असेंब्लीवाल्यांचा फोन आला की मी आवाज जड करतो. डिझाइन करणारा माणूस कामात बुडालेला वाटला पाहिजे.

‘साहेब, बोर्डाच्या गर्बर फाइली मिळाल्या, भागांची यादी म्हणजे बीओएम मिळाला, पिक-अँड-प्लेसची फाइलही आली. असेंब्ली ड्रॉइंग राहिलंय.’

‘कशाला हवंय? मशीनला एक्स, वाय, अँगल दिलाय. बोर्डावर सिल्कस्क्रीन आहे. ड्रॉइंगबिइंग ट्रेसिंग पेपरच्या काळात ठीक होतं.’

‘बरं, साहेब.’

या ‘बरं’चा अर्थ बोर्ड हातात आल्यावर लागतो.

त्या सिल्कस्क्रीनचीही कथाच आहे. ०४०२ मापाचा रेझिस्टर म्हणजे एक मिलिमीटर लांब, अर्धा रुंद. शेजारी नाव छापायला जागाच नव्हती, म्हणून बरीच नावं मी उडवली. उरलेली भागांच्या पोटाखाली गेली. भाग बसला की नाव वाचायला तो उपटायचा.

टँटलम कपॅसिटर हाताने लावायचे होते. अॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकवर पट्टी असते मायनसच्या बाजूला, टँटलमवर प्लसच्या. ही खोड जगाची, माझी नव्हे. माझी एवढीच, की बोर्डावर मी सवयीने मायनसला रेघ मारली होती. बेंचवरच्या ताईंनी पट्टी रेघेला जुळवली. शहाणा माणूस दुसरं काय करणार? रेघ कसली आहे, हे माझ्या डोक्यात अगदी स्वच्छ छापलेलं होतं. पण माझं डोकं काही मी कुरिअरने पाठवलं नव्हतं.

उलटा लागलेला टँटलम नुसता तापत नाही, पेटही घेतो. आमच्याकडे त्याने ग्राहकासमोर घेतला.

‘हे इंडिकेशन आहे का?’ ग्राहकाने विचारलं. मी ‘हो’ म्हणणारच होतो.

पुढच्या लॉटला मात्र ड्रॉइंग काढलं. वरची बाजू, खालची बाजू, प्रत्येक प्लस, प्रत्येक आयसीची पहिली पिन, न लावायच्या भागांवर फुल्या, कोपऱ्यात रिव्हिजन. इथवर ठीक होतं. मग टिपा लिहायला घेतल्या आणि हात आवरेना.

‘साहेब, ड्रॉइंग मिळालं. नऊ नंबरची टीप म्हणते सत्तावीस बघा, सत्तावीस म्हणते नऊ बघा. ताई म्हणतात, साहेबांनाच इकडे बोलवा.’

गेलो. ताईंनी माझ्या हातात चिमटा दिला, ०४०२चं रीळ पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, ‘बसवा एक. फक्त शिंकू नका.’