शेरा : निश्चित चांगला

बेंगळुरूच्या बेलंदूर, सरजापूर रोड, व्हाइटफील्ड या पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत संध्याकाळी साडेपाचला खाली उतरा. घसरगुंडीशेजारच्या बाकावर एक मराठी बाबा सापडतीलच. पायातले बूट मुलाने घेतलेले, अंगातला स्वेटर मात्र स्वतःचा. हे बाबा इथले कायमचे रहिवासी नव्हेत. दिवाळी उरकली की भडंगाचे डबे घेऊन मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत जातात. मधल्या काळात मुलाच्या घरातली सगळी यंत्रं त्यांच्या हाताखाली असतात.

हाताखाली म्हणजे वापरायला नव्हे, तपासायला. या जातीचे बाबा बहुधा बँकेतून, झेडपीतून किंवा बोर्डातून निवृत्त झालेले असतात. मी सांगतोय ते बोर्डातले. वीज मंडळाच्या २००५ साली वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण बाबांच्या तोंडी अजून बोर्डच. तिथे त्यांनी तारा ओढल्या, ट्रान्सफॉर्मर बसवले, पण खरं प्रेम केलं ते हाताखालच्यांच्या गोपनीय अहवालांवर. 'उत्कृष्ट' हा शेरा त्यांनी जवळजवळ कुणालाच दिला नाही. आवडता शेरा 'निश्चित चांगला'. माणूस दुखावत नाही आणि डोक्यावरही बसत नाही.

निवृत्तीनंतर अहवाल लिहायला माणसं उरली नाहीत, म्हणून आता यंत्रं. फरशी पुसणाऱ्या रोबोबद्दल त्यांचं मत असं : "फिरतीवर जातो, पण कोपऱ्यात जात नाही. आमच्याकडे असे होते. भत्ता मात्र पूर्ण." हाक मारली की गाणं लावणारा डबा नातीचं ऐकतो, बाबांचं ऐकत नाही; शेरा, 'वरिष्ठांशी वर्तन असमाधानकारक'. मुलाने महागडा अॅपल फोन घेतला तेव्हा बाबा बाकावर सगळ्यांना ऐकवत होते, की या गावातलं पहिलं अॅपल १९८१ साली बैलगाडीवर बसलं होतं. ते खरंच आहे. इस्रोने त्या नावाचा उपग्रह अँटेनाच्या चाचणीसाठी बैलगाडीवर चढवला होता, कारण धातूच्या गाडीने मोजमाप बिघडलं असतं. "आणि त्याचा हप्ता नव्हता," हे बाबांचं पुढचं वाक्य.

वीज गेली की त्यांना विशेष चेव चढतो. शिवसमुद्रमची वीज १९०२ साली आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली, मग १९०५ मध्ये बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले, आपल्या खोपोलीचं टाटांचं केंद्र सुरू व्हायच्या दहा वर्षं आधी, हे सगळं ते अंधारात सांगतात. तेवढ्यात जनरेटर सुरू होतो आणि श्रोते पांगतात.

उभ्या बेंगळुरूत 'उत्कृष्ट' मिळालेलं यंत्र एकच : गेटाबाहेरच्या शहाळेवाल्याचा बोलका डबा. पैसे जमा झाले की तो कन्नडमध्ये भर रस्त्यात रक्कम ओरडून सांगतो. बाबांना हे फार आवडतं. व्यवहार चारचौघांत झाला, साक्षीदार आहेत, संपलं. त्यातून बाबांना कन्नड येतं. जत-अथणीकडचं, खणखणीत. रिक्षावाले हसतात आणि हुबळीचे का म्हणून विचारतात, पण भाडं नीट सांगतात. मुलाला इतक्या वर्षांत 'कन्नड गोत्तिल्ला' एवढंच जमलंय.

दहा मिनिटांत घरी येणारी कोथिंबीर हा वेगळा विषय. बाबांचा आक्षेप वेगावर नाही. भाजीबरोबर फुकट मिळणाऱ्या वस्तूचे पैसे घेतले, हा आहे. शिवाय, "कोथिंबीर दहा मिनिटांत येते, आमचा मुलगा आउटर रिंग रोडवरून दीड तासाने येतो. त्यालाच पिशवीत घालून पाठवा." पण कोथिंबीर आणणाऱ्या पोराला ते पाणी दिल्याशिवाय सोडत नाहीत. एक पोरगा भालकीचा निघाला, बिदर जिल्ह्यातला, घरी मराठी बोलणारा. बाबांनी त्याची चौकशी केली, भडंग दिलं आणि सुनेच्या फोनवरून तीन तारे दिले. सुनेने कपाळावर हात मारला. पाचाला एक कमी असला तरी त्या पोरांना जड जातं, हे तिने समजावलं. बाबा विचारात पडले. "म्हणजे इथे सगळेच उत्कृष्ट? मग बढती कशाच्या आधारावर देतात?" याचं उत्तर सुनेकडे नव्हतं. तेव्हापासून पाच तारे देतात, पण देताना चेहरा खोट्या बिलावर सही केल्यासारखा होतो.

आणि मग एआय. मुलगा त्याच क्षेत्रात, त्यामुळे घरात आदर अपेक्षित. बाबांनी एआयला पहिला प्रश्न विचारला तो अर्थिंगबद्दल. उत्तराच्या सुरुवातीला 'खूप छान प्रश्न!' असं आलं. "प्रश्न छान आहे हे मला ठाऊक आहे, मीच विचारलाय." उत्तरातली एक चूक बाबांनी दाखवली, तर त्याने क्षणात माफी मागून मान्य केली. मग बाबांनी बरोबर असलेली गोष्टही चूक म्हणून सांगितली. तीही मान्य! इथे अहवाल बंद झाला. चूक दाखवल्यावर आधी कुरकुरतो, कागद काढतो, भांडतो, त्याने काम केलेलं असतं; लगेच 'हो साहेब' म्हणतो त्याने फाइल उघडलेलीच नसते, हा त्यांचा नोकरीतला अनुभव. मला यात बरंच तथ्य वाटतं, पण बाबांसमोर मी तसं म्हणत नाही. लगेच मान्य केलं की आपलीही फाइल तपासतील.

इंग्रजी पत्रं लिहायला मात्र त्याला ठेवून घेतलंय, कारकून म्हणून. जनरेटरच्या डिझेलचा हिशेब मागणारं पत्र त्याच्याकडून लिहून घेतलं, विशेषणं निळ्या पेनाने खोडली आणि समितीला दिलं. उत्तर दोन दिवसांत आलं, अतिशय नम्र, पहिल्याच ओळीत बाबांच्या मुद्द्याचं कौतुक. बाबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि थेट बाकावर गेले. समितीचे चिटणीस म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले एक तमिळ गृहस्थ. त्यांचाही मुलगा त्याच क्षेत्रात, हे बाबांना माहीत होतं.

"सर, तुमचाही तोच कारकून?"

चिटणीस आधी कुरकुरले, मग हसले. डिझेलचा हिशेब फिल्टर कॉफीवर तोंडी मिटला. पत्रव्यवहार मात्र दोघांनीही चालू ठेवलाय. फाइल अपुरी ठेवून चालत नाही.