पावतीनाना

उर्से हे गाव उरलेल्या महाराष्ट्राला टोलनाक्यापुरतं ठाऊक आहे. मुंबईहून निघालेला माणूस खालापूर मागं टाकतो, घाट चढतो, लोणावळ्याला चिक्कीच्या पाट्या वाचतो आणि उर्स्याचा नाका दिसला की घरी फोन करतो, "उर्से टोलला पोचलो, कुकर लाव." नाक्याच्या पलीकडे गाव आहे, पद्मावतीचं देऊळ आहे, फिनोलेक्सचे कारखाने आहेत, भाताची खाचरं आहेत, हे कळायला त्याची गाडी बंद पडावी लागते.

नानांची गोष्ट उलटी. गाव, देऊळ, खाचरं त्यांची. रस्ता तेवढा त्यांचा नाही. ९४.५ किलोमीटरचा हा द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण सुरू झाला. त्यावर दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर आणि बैलगाडी यांना मनाई आहे. नानांकडे मोटारसायकल आहे, ट्रॅक्टर आहे आणि दारात एक जुनी बैलगाडी उभी आहे. मनाईची यादी आपल्या दारात उभं राहूनच कुणीतरी केली असावी, असं नानांना वाटतं.

नाना म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. उर्स्यापासून कामशेतापर्यंत दर वाडीवर एक नाना असतोच. वय पन्नाशीच्या पुढं, डोक्याला टोपी, हेल्मेट हँडलला. आयुष्यात कुणाचा रुपया बुडवलेला नसतो, कोर्टाची पायरी चढलेली असते ती फक्त बांधाच्या भांडणात. आणि तरीही सरकारदरबारी हा इसम सराईत गुन्हेगार असतो. कधी डावा इंडिकेटर बंद, कधी आरसा नाही, कधी मागचा दिवा नाही, कधी पीयूसी संपलेली, कधी नंबरप्लेटचा एक आकडा मातीनं झाकलेला. गाव म्हणूनच त्याला पावतीनाना म्हणतं.

त्यांच्या गाडीबद्दल सांगायला हवं. हिरो आणि होंडा यांची फारकत २०१० च्या डिसेंबरात जाहीर झाली. नानांच्या टाकीवर ते दोघे अजून नांदतात. आरसे नानांनी स्वतः काढले, कारण गोठ्याच्या दारातून गाडी आत घेताना ते अडकायचे. हॉर्न वाजतो, पण खड्ड्यात गेल्यावर, स्वतःच्या मर्जीनं. किक मारली की गाडी मात्र पहिल्या फटक्यात चालू होते, आणि नानांच्या मते गाडीची फिटनेस म्हणतात ती एवढीच. इंडिकेटरचा प्रश्न त्यांनी तात्त्विक पातळीवर सोडवलेला आहे. "मी कुठं वळणार ते अख्ख्या गावाला ठावं हाय. दिवा कुणासाठी लावू?"

हे तत्त्वज्ञान गावाच्या शिवेपर्यंत चालतं. परंदवडी ओलांडून सोमाटणे फाट्याकडं आलं की पुढं पांढरा शर्ट आणि खाकी पँट दिसते.

"काका, गाडी बाजूला घ्या."

"काय झालं साहेब?"

"इंडिकेटर?"

"आत्ता तर चालू व्हता." हे वाक्य मावळातल्या प्रत्येक नानाला मुखोद्गत असतं. इंडिकेटर बंद पडून दोन पावसाळे झालेले असले तरी तो बंद पडतो तो नेहमी आत्ताच, साहेबांसमोर.

"आरसे?"

"गॅरेजलाच निघालोय."

"गॅरेज मागं गेलं, काका."

"त्यो बंद व्हता. तळेगावच्याकडं निघालोय."

हवालदार मशीन काढतो. मग नाना दुसऱ्या टप्प्यावर येतात: ओळख. साहेब कुठले, जुन्नरचे का, अरे मग आमच्या चुलतबहिणीचं सासर ओतूर. ओतूरचा उपयोग झाला नाही तर तिसरा टप्पा, दया: सकाळपासून दूध घालतोय, अजून चहा नाही. चौथा टप्पा नीतीचा. इथं नाना एक पाऊल मागं सरतात, हात लांब करतात, आणि दूरवर द्रुतगतीवरून ओळीनं पळणाऱ्या मोटारी दाखवतात. "त्या बघा. शंभराची हद्द हाय नव्हं? एक तरी शंभरनं चाललीय का? त्यांना सोडून तुम्ही आमचा चिमणीएवढा दिवा बघताय!"

नानांच्या या चौथ्या मुद्द्यावर माझ्याकडं उत्तर नाही, आणि हवालदाराकडंही नसतं. तीसच्या वेगानं येणारे नाना हात दाखवून थांबवता येतात. एकशे तीसनं येणाऱ्याला हात दाखवला तर हवालदाराच्या घरी निरोप पाठवावा लागेल. ज्याला पकडणं सोपं, तो जास्त वेळा पकडला जातो. कायदा दोघांना सारखाच आहे. ब्रेक कुणाचा आधी लागतो यावर पुढचं ठरतं.

दंडाचं म्हणाल तर इंडिकेटरचा बल्ब चहा-वड्याच्या पैशात येतो. हे नानांना कळत नाही असं समजू नका. मोटार वाहन कायद्याच्या १७७ व्या कलमातला किरकोळ गुन्ह्यांचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनं शंभरावरून पाचशेवर गेला, आणि पुन्हा सापडलात तर तीनशेचा दीड हजार झाला. तेव्हा महाराष्ट्रानं हे नवे दर काही काळ लांबवले आणि २०२१ च्या डिसेंबरात लागू केले. ती मधली दोन वर्षं नाना सुवर्णकाळ म्हणून आठवतात. तेव्हाच बल्ब का नाही बसवला, असं विचारलं तर म्हणतात, "तवा दंड परवडत व्हता."

बल्ब बसवणं म्हणजे हरणं. आज सांगितलं म्हणून आज बसवला तर उद्या ते आरसे म्हणतील, परवा साखळीचं कव्हर. आणि दुरुस्ती करायची नाही असं नानांनी कधीच म्हटलेलं नाही. ती उद्या करायची होती. पोलिसांवर त्यांचा खरा राग आहे तो या एका गोष्टीसाठी, की ते नेमके आदल्या दिवशी धरतात.

अलीकडं नाना कायद्याचा अभ्यास करतात. कुठल्या अधिकाऱ्याला काय अधिकार आहे, डिजिलॉकरमधली कागदपत्रं चालतात की नाही (चालतात), हे सगळं त्यांना पाठ आहे. डिजिलॉकर त्यांच्या फोनमध्ये नाही, फोनला बटणं आहेत, तो भाग वेगळा. २०२५ च्या जुलैत मालवाहतूकदारांनी ई-चलनांच्या जाचाविरुद्ध संप केला, तेव्हा नानांनी ट्रॅक्टर दोन दिवस अंगणात उभा करून पाठिंबा दिला. तसाही त्यात डिझेल नव्हतं. त्याच सुमारास, पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर वाहनांचे फोटो काढू नयेत, असा आदेश वरून निघाला. त्याची झेरॉक्स नानांच्या खिशात घडी पडून फाटायला आली आहे. फोटो काढायला कुणी मोबाइल वर केला की नाना झेरॉक्स वर करतात. एकदा हवालदारानं ती शांतपणे वाचली, परत दिली आणि सरकारी मशीननं फोटो काढला. "बघा, आता नियमात बसलं," असं म्हणून नानांनीच त्याची पाठ थोपटली.

पण नानांच्या चिकाटीचं सार्थक झालं ते नव्या नंबरप्लेटच्या बाबतीत. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी लावा, दुचाकीला साडेचारशे रुपये अधिक जीएसटी, असा हुकूम निघाला. मुदत होती २०२५ च्या मार्चअखेर. गावातली शहाणी माणसं नोंदणीच्या मागं लागली. तारीख मिळेना, मिळाली तर केंद्र लांब, केंद्रावर गेलं तर पाटी आलेली नाही. नाना पारावर बसून होते. मार्चचा एप्रिल झाला, एप्रिलचा जून, जूनचा ऑगस्ट, ऑगस्टचा नोव्हेंबर. दर मुदतवाढीला नाना पारावर एक सुपारी कातरत. "मी सांगत नव्हतो? सरकार बी आपल्यासारखंच हाय. उद्या करनार." त्या वर्षात गावात नानांच्या शब्दाला जे वजन आलं ते सरपंचालाही कधी आलं नव्हतं.

पाटी साधी असावी, इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे, नक्षी नको, हा नियम मात्र नानांना मान्य आहे. २१४ चा 'राम' आणि ८०५५ चा 'बॉस' करून फिरणाऱ्या पोरांना तर आत टाकलं पाहिजे, असं त्यांचं मत. पावसाळ्यात शनिवार-रविवारी पवनानगरला आणि भुशी धरणाकडं जाणाऱ्या बुलेटी सायलेन्सरमधून फटाके काढत जातात, तेव्हा नाना अंगणातूनच शिव्या देतात आणि म्हणतात, "पोलीस काय करत्यात?" जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचा व्हिडिओ नातवाच्या मोबाइलवर ते जेवण झाल्यावर बघतात. पुन्हा लाव म्हणतात.

गळीत हंगामात तर हे मत फारच कडक होतं. दारुंब्र्याच्या साखर कारखान्याकडं उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. कित्येकांना मागं दिवा नाही, लाल रिफ्लेक्टर नाही, बाहेर आलेला ऊस अंधारात दिसतही नाही. एका रात्री शिरगावहून येताना नाना अशाच एका ट्रॉलीखाली जाता जाता वाचले. घरी येऊन त्यांनी ओसरीत भाषण केलं: मागचा दिवा नसणं हा गुन्हा किरकोळ कसा, माणूस मरतो त्यात, असल्यांना दीड हजार काय, पंधरा हजार लावा. काकू तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "आपल्या ट्रॅक्टरला हाय का मागं दिवा?" नाना म्हणाले, "आपला रात्री कुठं जातो?" आणि हात धुवायला उठले. काकूंनी निवडलेलं सूप बाजूला ठेवलं. त्यांना माहीत होतं की आपला रात्रीच जातो.

नानांची गाडी कागदोपत्री अजून त्यांच्या मेहुण्याच्या नावावर आहे. कामशेतच्या मेहुण्याकडून त्यांनी ती घेतली त्याला आता जमाना झाला. नाव बदलणं, अर्थात, उद्या होतं. त्यामुळं नाना कुठंही सापडले की मेसेज कामशेतला जातो, आणि दहा मिनिटांत फोन येतो. "दाजी, आज वडगावला का?" काकूंना सांगितलेलं असतं सोसायटीत जातो म्हणून. मेहुणा बहिणीला सांगत नाही, पण ती गोष्ट हातात ठेवतो आणि भातकापणीला दाजींचा ट्रॅक्टर फुकट मागतो. थकलेल्या चलनांची नोटीस आली की दोघे लोकअदालतीला जातात. तिथं तडजोडीनं काय ते मिटतं आणि परतताना वडगावात मिसळ होते. मेहुण्या-मेहुण्यांचं इतकं नियमित भेटणं त्या कुटुंबात आधी कधी नव्हतं.

पाट्यांच्या गोंधळाच्या आधीची गोष्ट. २०२४ च्या जुलैत द्रुतगतीवर कॅमेरे सुरू झाले. रस्त्यावर आडव्या कमानी, कमानींवर कॅमेरे, सतरा प्रकारचे गुन्हे आपोआप टिपणार. मैदानी भागात मोटारीनं शंभर ओलांडलं की मेसेज, पट्टा नाही की मेसेज, लेन सोडली की मेसेज. नानांनी त्या दिवशी पारावर पेढे वाटायचं बाकी ठेवलं. चौथा मुद्दा, जो ते सोमाटणे फाट्यावर वर्षानुवर्षं मांडत होते, तो सरकारनं मान्य केला होता. "आता कळंल मोठ्यांना," असं ते म्हणाले, आणि त्याच महिन्यात मेहुण्याची मोटार घेऊन पनवेलला लग्नाला गेले.

पट्टा त्यांनी लावला होता. म्हणजे आसनाच्या मागून फिरवून कडीत घातला होता, गाडीची टींव टींव बंद व्हावी म्हणून. पोट मोकळं राहिलं होतं. कमानीखालून जाताना त्यांनी कॅमेऱ्याकडं पाहूनही घेतलं. मेसेज कामशेतला गेला.

नाना दोन दिवस बेचैन होते, आणि त्याचं कारण पैसे नव्हतं. कॅमेऱ्याला ओतूर सांगता येईना. सकाळपासून चहा नाही हे सांगावं तर ऐकणारं कुणी नाही. त्यानं काका म्हटलं नाही, गाडी बाजूला घ्यायला लावली नाही, आणि मुख्य म्हणजे "जावा आता, पुढच्या वेळी बघतो" असं म्हणून कधीतरी सोडून द्यायची जी एक शक्यता सोमाटण्याच्या उन्हात कायम असायची, ती इथं नव्हतीच. सोमाटण्याला पावती फाटली तरी अर्धा तास बोलणं व्हायचं. नाना त्या हवालदारावर कितीही चिडत असले तरी परवा त्याची बदली झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी विचारलं की कुठं झाली, आणि जुन्नरला म्हटल्यावर म्हणाले, "बरं झालं, घरच्याजवळ गेला."

नातवानं शोधून काढलं की ऑनलाइन तक्रार करता येते, सोबत पुरावा जोडावा. नाना उठले. मेहुण्याची मोटार अजून दारातच होती. ते आत बसले, पट्टा नीट छातीवरून घेतला, टोपी सरळ केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि नातवाला म्हणाले, "काढ." फोटो पाठवायच्या आधी मेहुण्याला दाखवावा म्हणून तो कामशेतला धाडला, गाडी त्याच्या नावावर म्हणून.

फोन लगेच आला. "दाजी, मागं गोठा दिसतोय. म्हशीसकट. एक्स्प्रेसवेवर कुठला आलाय गोठा?"

"गोठा तिथंच व्हता," नाना म्हणाले. "रस्ता मागनं आला."