डंक पाहिलेला माणूस

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून दहा फुटांवर असते. काका पाच फूट चार इंच. मधली चार फूट आठ इंच जागा काकांनी आयुष्यभर बोलून भरून काढली आहे.

असे काका रायपुरात एकटे नाहीत. जी. ई. रोडवर सायन्स कॉलेज आहे, 2005 साली एनआयटी झालेलं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, रविशंकर विद्यापीठ आहे. शहरात आत दुर्गा कॉलेज, छत्तीसगड कॉलेज. यांतल्या कुठल्याही कोर्टाच्या कठड्यावर संध्याकाळी एखादा काका बसलेला सापडेल. आमचे काका नेमके कुठल्या कॉलेजचे ते मी सांगत नाही, कारण बाकीच्या कॉलेजांचे काका लगेच हरकत घेतील. एवढंच सांगतो की जन्म तात्यापाऱ्यातला, नोकरी वीज मंडळातली, आता निवृत्त, आणि रविवारची सकाळ चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात. हे मंडळ 1935 पासून रायपूरच्या मराठी माणसाला गणपती, नाटक आणि भांडायला जागा पुरवत आलं आहे.

कॉलेजात आपण बास्केटबॉलच्या संघात होतो, असं काका सांगतात. संघाबरोबर होते, हे खरं. तेव्हा छत्तीसगड मध्य प्रदेशातच होतं, त्यामुळे संघ सागरला जायचा, जबलपूरला जायचा. गाडीत खेळाडूंच्या बॅगा सांभाळायच्या, ग्लुकोज कालवायचं आणि मॅच सुरू झाली की टेबलाशी बसून स्कोअरशीट लिहायची, ही काकांची कामं. काका स्कोअरर होते. आजही त्यांच्या खिशाला एक निळं आणि एक लाल अशी दोन पेनं असतात. मंडळाच्या वर्गणीची पावतीसुद्धा ते अशी फाडतात, जणू कोणी हाफटाइमला तपासायला येणार आहे.

रविवारी मंडळात साबुदाणा वड्याची दुसरी प्लेट आली की कोणीतरी प्रश्न टाकतो. टाकणाऱ्याला उत्तर नको असतं, त्याला मजा हवी असते.

“काय काका, आपल्या कॉलेजचा आजवरचा सगळ्यात भारी डंकर कोण?”

डंक म्हणजे उडी मारून चेंडू रिंगमध्ये वरून ठोकणं. काका आधी वडा संपवतात. मग चष्मा काढतात. हा विषय त्यांना चष्म्याशिवायच नीट दिसतो.

उमेदवार तीन. पहिला ‘सरदार’, भिलाईच्या टाउनशिपमधला. दुसरा ‘लंबू’, धमतरीकडचा. तिसरा ‘केरळा’, ज्याचे वडील रेल्वेत होते. या तिघांची खरी नावं कोणालाही आठवत नाहीत. काकांनी ज्या हाताने ही नावं प्रत्येक मॅचला शीटवर लिहिली तो हात अजून शाबूत आहे, पण नावं गेली. मात्र सरदार डाव्या पायावर उडायचा, लंबू दोन्ही हातांनी ठोकायचा आणि केरळा ठोकल्यावर रिंगला लोंबकळून प्रिन्सिपॉलच्या केबिनकडे बघायचा, हे काकांना कालच्यासारखं आठवतं. काकू एकदा म्हणाल्या, “आमचा मोठा दहावीत किती टक्क्यांनी पास झाला ते विचारा ह्यांना. नाही सांगता यायचं. तो सरदार कुठल्या पायावर उडाला ते विचारा.”

काकांचं मत सरदारला. लंबूचा डंक जोरकस होता पण त्यात ‘नजाकत’ नव्हती. केरळा तर निव्वळ दिखाऊ. वास्तविक तिन्ही डंकांचं वर्णन काका एकाच हातवाऱ्याने करतात: उजवा हात डोक्यावर, मनगट पुढे मोडलेलं, आणि तोंडाने “धाड!” पण त्या ‘धाड’मध्ये म्हणे फरक आहे. ऐकणाऱ्याला कान पाहिजे.

या मैफलीत एक वकीलसाहेब असतात, त्याच कॉलेजचे, त्याच बॅचचे. त्यांचं म्हणणं असं की आपल्या कॉलेजच्या इतिहासात मॅचमध्ये कोणीही, कधीही डंक मारलेला नाही. सरावात एखाद्याने बोटं लावली असतील रिंगला. बाकी सगळी अफवा.

“लेखी पुरावा दाखव,” वकीलसाहेब म्हणतात.

“अरे, मी स्वतः बसून होतो ना टेबलावर! शीट माझ्या हाताने लिहिली.”

“मग शीट आण.”

आणि काका शीट आणतात! हीच तर गंमत आहे. प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेली, घड्यांवर फाटलेली, एका कोपऱ्याला ग्लुकोजचा पिवळा डाग पडलेली जुनी स्कोअरशीट. पण स्कोअरशीटची पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं कळेल. बास्केट झाली की चढत्या गुणांच्या रकान्यात त्या आकड्यावर एक तिरपी रेघ मारायची. फ्री थ्रो असेल तर भरीव टिंब. संपलं. रिंगखाली उभं राहून भीत भीत टाकलेला चेंडू असो की हवेतून येऊन ठोकलेला, गुण दोन आणि रेघ तीच. तेव्हा काका एका तिरप्या रेघेवर बोट ठेवून सांगतात, “हा बघ डंक.” वकीलसाहेब शेजारच्या रेघेवर बोट ठेवून विचारतात, “आणि हा?” काका जरा वाकून पाहतात. “हा ले-अप. हात थरथरला नाही बघ माझा.”

यावर कुठलं कोर्ट काय म्हणणार?

मग विज्ञान येतं. पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले एक इंजिनिअरसाहेब आहेत. ते खडू मागवतात आणि व्हरांड्याच्या खांबावर हिशेब मांडतात. सरदारची उंची काकांच्याच सांगण्यानुसार पाच फूट दहा इंच. एवढ्या माणसाने उभ्याने हात वर केला की बोटं पोचतात पावणेआठ फुटांच्या आसपास. रिंग दहा फूट. चेंडू वरून खाली घालायचा म्हणजे हात रिंगच्याही वर निदान अर्धा फूट गेला पाहिजे. म्हणजे उडी झाली पावणेतीन फुटांची. “आणि पायात काय होतं? कॅनव्हासचे बूट,” इंजिनिअरसाहेब म्हणतात आणि खडू झटकतात. काका खांबाकडे पाहतही नाहीत. “स्पड वेब पाच फूट सात इंच होता. 1986 ला एनबीएची डंक स्पर्धा जिंकला. तुमच्या खडूला विचारून उडाला नव्हता.”

खरी बाजू इंजिनिअरसाहेबांनीच एकदा हळूच उलगडली. त्या जुन्या कोर्टावर दर काही वर्षांनी सिमेंटचा नवा थर पडायचा. पोल मात्र तोच, जमिनीत गाडलेला. जमीन वर यायची, रिंग तिथेच. त्यात ती रिंग लोखंडी सळईची, गावातल्या वेल्डरने वळवलेली. पोरं लोंबकळून लोंबकळून ती पुढून झुकलेली. कॉलेजच्या डंकांचे जे तीन सुवर्णकाळ काका सांगतात ते कोर्टाला थर बसल्यानंतरचे आणि पोल बदलण्याआधीचे भरतात. ही माहिती काकांना आहे का? असावी. कारण रिंगच्या उंचीचा विषय निघाला की त्यांना चहा आठवतो.

वकीलसाहेब पुराव्यावर अडून बसले की काका अमेरिकेला जातात. तिथला त्यांचा अभ्यास दांडगा आहे, आणि खोटं ठरवता येईल असं त्यात काही नसतं. अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये 1967 साली डंकवर चक्क बंदी आली होती. यूसीएलएचा लू अल्सिंडर, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला, तो इतका उंच आणि इतका भारी होता की त्याला आवरायला हा नियम केला, असं सगळे मानतात. तरी त्याचा संघ पुढच्या दोन्ही वर्षी जिंकलाच. बंदी उठली 1976 ला. मधल्या काळात नॉर्थ कॅरोलिना स्टेटचा डेव्हिड थॉम्पसन कॉलेजची कारकीर्द विनाडंक खेळला आणि 1975 ला घरच्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचमध्ये एकदाचा ठोकून आला. गुण रद्द, वर टेक्निकल फाउल. हे सांगताना काकांचा गळा दाटतो. “गुण रद्द झाला, पण डंक झाला ना? शीटवर नाही, पण झाला!”

आणि मग हुकुमाचा एक्का. वेस्ट व्हर्जिनियाच्या जॉर्जिअन वेल्स हिने डिसेंबर 1984 मध्ये डंक मारला. अमेरिकेत कॉलेजच्या मॅचमधला बाईने मारलेला तो पहिला डंक. चित्रफीत होती, पण ती विरुद्ध संघाच्या कोचकडे, आणि त्याने ती दिली नाही. ती बाहेर आली 2009 मध्ये, कोच वारल्यानंतर. “पंचवीस वर्षं! पंचवीस वर्षं लोक त्या पोरीला पुरावा मागून राहिले होते,” काका बोट नाचवत वकीलसाहेबांना म्हणतात. “तेव्हा तुझ्यासारखेच कोणीतरी वकील असतील तिथे.”

वकीलसाहेब यावर थोडे गप्प होतात. खरं तर विचारायला हवं होतं की आपल्या मॅचची फीत कोणत्या कोचच्या कपाटात आहे. पण ही गोष्ट ऐकल्यावर असं विचारणं हलकट वाटतं, आणि काकांना ते बरोबर ठाऊक आहे.

मला काकांची एकच गोष्ट खटकते. डंकांच्या या सगळ्या पुराणात तीसेक किलोमीटरवरचं भिलाई फक्त सरदारच्या गावापुरतं येतं. छत्तीसगडच्या बास्केटबॉलला देशात जे नाव मिळालं ते भिलाईच्या मुलींनी मिळवून दिलं. स्टील प्लांटचे कोच राजेश पटेल यांनी वर्षानुवर्षं मुली घडवल्या. त्या राष्ट्रीय स्पर्धांतून पदकं आणत राहिल्या, भारतीय संघात गेल्या. पूनम चतुर्वेदी तर सहा फूट अकरा इंचांची, मूळची उत्तर प्रदेशची, इथे येऊन खेळली. हे मी काढलं की काका म्हणतात, “हो हो, त्या पोरी चांगल्याच. पण त्यांचं काय, सगळं पेपरात छापून आलेलं आहे.” म्हणजे त्यात काकांना काम नाही. जे छापून आलं त्याला साक्षीदार कशाला लागतो?

मागच्या हिवाळ्यात मात्र काकांवर संकट आलं. जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता. नवं कोर्ट, नवा बोर्ड, स्प्रिंगची रिंग. 1979 साली डॅरिल डॉकिन्सने एनबीएत दोन बोर्डांच्या काचा फोडल्यावर अशा वाकून परत येणाऱ्या रिंगा सगळीकडे बसल्या. आपल्याकडे त्या सावकाश पोचल्या. काकांना ही रिंग मान्य नाही. “मातीतली कुस्ती आणि गादीवरची कुस्ती एक नसते,” हे त्यांचं त्यावरचं मत. तर या कोर्टावर होस्टेलचा एक पोरगा एकटाच खेळत होता. उंच, सडपातळ, केसांना कसलासा पट्टा. आम्ही कठड्यावर बसलो होतो, वाद सरदार-लंबूवर आला होता. आणि त्या पोराने थ्री-पॉइंटच्या रेषेपासून दोन ड्रिबल मारले, चेंडू उचलला, आणि एका हाताने सरळ वरून ठोकला. रिंग वाकली, टणकन सरळ झाली. चेंडू जमिनीवर आपटून आमच्या चहाच्या कपांपर्यंत आला.

कोणी काही बोललं नाही. मग वकीलसाहेब उभे राहिले. निकालाच्या दिवशी उभे राहतात तसे.

“लिहून घ्या,” ते म्हणाले. “आपल्या कॉलेजचा पहिला डंक. साक्षीदार सहा.”

काकांनी चष्मा लावला. डोळ्यांपुढे काही खरंच घडलं तेव्हा त्यांनी चष्मा लावला, हे मी नोंदवून ठेवतो. पोराकडे पाहिलं, रिंगकडे पाहिलं, मग त्याच्या पायांकडे.

“ट्रॅव्हलिंग,” काका म्हणाले.

“काय?”

“चेंडू उचलल्यावर तीन पावलं टाकली. मी मोजली. बास्केट रद्द.”

पोरगा हसत जवळ आला. “काका, पहिलं पाऊल झीरो स्टेप असतं. ते मोजत नाहीत.”

पोराचं बरोबर होतं. पळत पळत चेंडू उचलताना पडणारं पाऊल शून्य धरायचं, हा नियम बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, फिबाने, 2017 मध्ये आणला. पण काकांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे ठेवायला गेले, तो कोपरापर्यंत पोचला.

“बेटा, शून्य पाऊल असं काही नसतं. पाऊल पडलं की पडलं. सरदारने दोनच टाकली होती.”

वकीलसाहेबांनी मोबाइल काढून नियमाचं पान शोधलं. इंजिनिअरसाहेबांनी खडूने कोर्टावर पोराच्या पावलांच्या खुणा करायला सुरुवात केली; दोन खुणांवर एकमत झालं, तिसरीवर होईना. कोणीतरी म्हणालं, पोराला पुन्हा मारायला सांगा, आम्ही व्हिडिओ काढतो. काका म्हणाले, पुन्हा मारलेला वेगळा धरला जाईल, याचा निकाल आधी लागला पाहिजे. वकीलसाहेबांनाही हा मुद्दा तत्त्वतः पटला. मग 2017 चा नियम जुन्या विद्यार्थ्यांना लागू होतो का, यावर दोघांची जुंपली आणि शेवटी निवाडा पोरानेच करावा असं ठरलं.

पोरगा केव्हाच मेसमध्ये जेवायला गेला होता. रविवारी तिथे पनीर असतं आणि उशिरा जाणाऱ्याला नुसती ग्रेव्ही मिळते.