लाल दिवा साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. लाल दिवा साहेब,
डेस्क फोन, वरचा उजवा कोपरा,
संचालकांचे टेबल.

विषय : निरोप ऐकून झाल्यावरही आपण विझत नसल्याबाबत.

महोदय,

मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे 1 मे 2017 पासून उतरले. आपण मात्र पदावर कायम आहात. संचालकांनी परवा पुन्हा विचारलं, "अरे, हा निरोप मी गाडीतच ऐकला, मोबाइलवर, ईमेलमधून. मग हा दिवा अजून का लुकलुकतोय?" मी दूरध्वनी विभागाचा माणूस, उत्तर मला ठाऊक आहे. पण साहेबांना सांगण्यापेक्षा आपल्याला लिहिणं सोपं. आपण निदान मध्येच दुसरा फोन घेत नाही.

भारतात व्हॉइसमेल कुणी मनापासून वापरला नाही. मिस्ड कॉल हाच इथला निरोप, आणि उरलंसुरलं व्हॉट्सॲपवर. पण आमचे ग्राहक अमेरिकेत. त्यांची दुपार म्हणजे पुण्यातली मध्यरात्र, आणि बीप ऐकला की बोलायचं ही त्या मंडळींची सवय. म्हणून आपली नेमणूक झाली. पुढे कुणाच्या तरी सादरीकरणात 'एकच इनबॉक्स' अशी स्लाइड आली. फोनचे निरोप यापुढे ईमेलमध्येच मिळतील! चहा यायच्या आत प्रस्ताव मंजूर.

आपण पेटता कसे, हे आपल्याला सांगायला नको, तरी नोंदीसाठी लिहितो. ॲस्टेरिस्कसारख्या फोन प्रणालीत निरोप फोनच्या सर्व्हरवर फाइल म्हणून पडतो. मग सर्व्हर आपल्याला 'नोटिफाय' धाडतो : नवे इतके, जुने इतके. त्याचा नमुना 2004 सालच्या आरएफसी 3842 या इंटरनेट मानकात ठरलेला आहे. फोनवरून निरोप ऐकला की फाइल 'इनबॉक्स'मधून 'ओल्ड'मध्ये सरकते, नव्यांचा आकडा शून्यावर येतो आणि आपण विझता. ईमेलने जाते ती मात्र त्या फाइलची नक्कल. ईमेल पोचवणाऱ्या एसएमटीपीचं काम पोस्टमनचं : पलीकडच्या पेटीत टाकलं की सायकल पुढे. संचालकांनी ती नक्कल ऐकली, पुढे पाठवली, डिलीट केली, याची खबर फोनच्या सर्व्हरला कोण देणार? त्याच्या वहीत निरोप अजून न ऐकलेलाच आहे. थोडक्यात, आपण खोटं बोलत नाही. खोटं बोलली ती स्लाइड.

मामींनी साताऱ्याहून पाठवलेला व्हॉइस मेसेज ऐकला की व्हॉट्सॲपवरचा छोटा माइक निळा होतो आणि मामींना तिकडे कळतं. (त्यानंतर उत्तर का दिलं नाही, हा फोनही येतो.) तिथे हे जमतं, कारण दोन्ही टोकं एकाच कंपनीच्या हातात आहेत. इथे फोन एकाचा, ईमेल दुसऱ्याचा, आणि मधल्या सांध्याला मालकच नाही. म्हणजे मी आहे.

आपल्याला गप्प करायचा एक सोपा उपाय सेटिंगमध्येच मिळतो : ईमेल रवाना झाला की मूळ फाइल पुसून टाकायची. मग आपण पेटतच नाही. पण तो ईमेल वाटेत स्पॅम फिल्टरने अडवला, तर निरोप ना फोनवर ना ईमेलमध्ये. आणि फिल्टरला दोष कसा द्यावा? 'तुम्हाला नवा व्हॉइसमेल आला आहे' असं सांगून पासवर्ड चोरणारे ईमेल जगभर फिरतात. खराही तसाच दिसतो : पाठवणारा म्हणून सर्व्हरचा पत्ता, विषयात एक नंबर, सोबत एक फाइल. त्याला 'रिप्लाय' करावं, तर उत्तर ग्राहकाऐवजी आमच्याच सर्व्हरला जातं. फोन करणाऱ्याचा नंबर कळतो, ईमेल पत्ता कुठून कळणार?

फाइलच्या वजनाचं वेगळंच. साध्या वेव्ह फाइलमध्ये सेकंदाला 16 किलोबाइट लागतात, म्हणजे मिनिटाला जवळपास एक मेगाबाइट. ईमेलमध्ये कोंबताना ती आणखी एक तृतीयांशाने फुगते. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरची मूळ मर्यादा 10 मेगाबाइटची. काही ग्राहक दहा मिनिटं श्वास न घेता तक्रार सांगतात. नेमकी तीच तक्रार दारातून परत. जीएसएम पद्धतीने आवाज दाबला तर फाइल दहाव्या हिश्शावर येते, पण मग काही मोबाइल ती वाजवायलाच तयार होत नाहीत.

शहाण्यांचा उपाय असा की नक्कल नकोच, मूळ निरोपच ईमेलच्या पेटीत ठेवा. ॲस्टेरिस्कमध्ये तीही सोय आहे, आणि ती ईमेलची पेटी दुरून उघडणाऱ्या आयमॅपचे जनक मार्क क्रिस्पिन यांच्याच सी-क्लायंट लायब्ररीवर उभी आहे. ईमेल वाचलेला दिसला की आपण विझणार. सुरेख! फक्त त्यासाठी फोनच्या सर्व्हरकडे प्रत्येकाच्या पेटीचा पासवर्ड हवा, नाहीतर सगळ्या पेट्या उघडणारं एकच खातं हवं. सुरक्षा विभागाने हे ऐकून मला बसायला खुर्चीही दिली नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. ऑक्टोबर 2022 पासून तर मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइनवर नुसत्या नाव-पासवर्डाने आयमॅपचं दार उघडणं बंद करायला घेतलं.

दोन्ही टोकं एका मालकाने, याच मायक्रोसॉफ्टने, धरून पाहिली, तीही गोष्ट ऐका. एक्स्चेंज 2007 मध्ये 'युनिफाइड मेसेजिंग' आलं. निरोप थेट मेल सर्व्हरमध्येच ठेवायचे. ऑफिसची ईपीएबीएक्स फोन यंत्रणा त्याला जोडायला लोकांनी मधली यंत्रं विकत घेतली, तंत्रज्ञ तयार केले. एक्स्चेंज सर्व्हर 2019 मधून ते काढून टाकलं. यापुढे क्लाउडवर या, म्हणाले.

तेव्हा महोदय, आपण आहात तिथेच राहावं. संचालकांच्या सचिवांनी आपल्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आहे, त्याबद्दल विभागातर्फे दिलगिरी. 'निरोप ईमेलमध्ये ऐकला असला तरी डेस्क फोनवरून एकदा काढून टाकावा' असं परिपत्रक मी सर्वांना ईमेलने पाठवलं आहे. रीड रिसीटही मागितली होती. पडद्यावर 'पाठवायची का?' असं विचारलं जातं, तिथे सगळ्यांनी 'नाही' दाबलेलं दिसतं. परिपत्रक वाचलं की न वाचताच उडवलं, हे कळायला माझ्या टेबलावर दिवा नाही.

आपला विश्वासू,
दूरध्वनी विभाग