सज्ज जिल्ह्याला सज्जतेचे धडे

घरात किमान बहात्तर तास पुरेल एवढे पाणी, अन्न आणि औषधे ठेवा, असा सल्ला युरोपीय संघाने मार्च 2025 मध्ये आपल्या नागरिकांना दिला आणि तिकडे म्हणे बरीच खळबळ उडाली. धाराशिव जिल्ह्यात हा सल्ला कोणी दिला असता, तर ऐकणाऱ्याने विचारले असते, 'बहात्तरच तास? मग पुढचे चार दिवस काय करायचे?' उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल हे नळालाही ठाऊक नसते. त्यामुळे दारी सिमेंटची टाकी, तिच्याशेजारी प्लास्टिकचे पिंप आणि घरात हंडे-कळशांची उतरंड, ही इथली रोजची मांडामांड. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्री येते, म्हणून बॅटरी उशाशीच असते. परदेशात पैसे मोजून शिकावा लागणारा हा अभ्यासक्रम शासनाने इथे पिढ्यान्‌पिढ्या फुकट शिकवला, याबद्दल आभाराचा ठराव व्हायला हरकत नाही.

आता या पदवीधरांना स्वावलंबी जीवनाची नव्याने दीक्षा देण्याची टूम निघाली आहे. घर स्थानिक दगडमातीचे बांधा, बाहेरच्या कशावर विसंबू नका, असे तिचे सार. पण हा प्रयोग इथे शतकानुशतके झाला आणि त्याचा निकाल 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपाने लावला. सास्तूरपासून शेजारच्या किल्लारीपर्यंतची घरे पूर्ण स्वावलंबी होती. दगड शिवारातला, माती ओढ्याकाठची, गवंडी गावचा. गळती थांबावी म्हणून माळवदावर मातीचे थर चढत गेले आणि छत जड होत गेले. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड मात्र घालायचे राहिले. गणेश विसर्जन करून झोपलेल्या माणसांवर त्यांचीच घरे कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. भिंत कशी गुंफावी हे एकटे घर अनुभवातून शिकू शकत नाही, कारण चूक कळते तेव्हा शिकायला घर उरलेले नसते. ते अभ्यासकाने सांगावे आणि शासनाने गावोगाव पोचवावे लागते. पण शासनाच्या नकाशात हा भाग तेव्हा सर्वांत निर्धोक अशा पहिल्या भूकंपक्षेत्रात होता. किल्लारी परिसरात 1992 पासून धक्के बसत होते, पण जमिनीने नकाशा वाचलेला नसावा. या भागाला तिसऱ्या क्षेत्रात नेणारी दुरुस्ती 2002 मध्ये झाली. नऊ वर्षे म्हणजे फायलीच्या मानाने धावपळच.

यावर कोणी म्हणेल की शासन असे असते म्हणूनच ज्याने त्याने आपले पाहावे. यातला राग रास्त आहे, निष्कर्ष नाही. सप्टेंबर 2025 मध्ये भूम-परंड्यात पावसाने कहर केला. ज्याच्या घरात वर्षाचे धान्य होते त्याचे धान्य भिजले, ज्याच्या दावणीला जास्त जनावरे होती त्याची जास्त वाहून गेली आणि शेतातली माती खरवडून नदी पुढे गेली. स्वावलंबनाचे सगळे भांडवल पाण्याखाली असताना माणसे बाहेर काढायला एनडीआरएफची पथके आणि हेलिकॉप्टर लागले. दुष्काळाचेही तेच. 2016 मध्ये शेजारच्या लातूरची तहान मिरजेहून आलेल्या रेल्वेने भागवली; माळ्यावरच्या पिंपात रेल्वे मावत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. याच जिल्ह्यातल्या बायकांनी एकेका एकरात डाळी, भाजीपाला आणि धान्य मिसळून पिकवले, रासायनिक खताचा खर्च टाळला आणि दुष्काळात घर खाते ठेवले. हे स्वावलंबन नव्हे काय? आहेच. पण ते आले कुठून? भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' उभ्या राहिल्या. घर कसे बांधतात ते त्या शिकल्या, अधिकाऱ्यांना जाब विचारू लागल्या. बचत गट आणि एक एकर हे पुढचे टप्पे. नवऱ्याकडून एक एकर मागण्याचे बळ गटातून आले. एकटीने कुंडीत मेथी लावून ते येत नसते.

तेव्हा सुरुवात करायचीच, तर ती बहात्तर तासांची थैली भरण्यापासून नको. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा आहे. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असते आणि जिल्ह्याचा आराखडाही असावा लागतो. तो ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्यावा. धरणाचे दरवाजे उघडण्याआधी गावाला कोण कळवणार, जनावरे कोणत्या उंचवट्यावर न्यायची, रात्री शाळा कोण उघडणार, हे नावानिशी विचारावे. शाळेची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई परगावी, असे उत्तर आले, तर निदान दुसरी किल्ली करून घ्यावी. तिचा खर्च ग्रामनिधीला झेपेल.